सत्ताविसावा कोनाडा

"उत्तरायुष्यात दादांची स्मरणशक्ती क्षीण होत गेली. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात एका सहलीत देवींच्या नावांचा क्रम त्यांना आठवेना, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने सहलीची सूत्रे आपले सहकारी मनोहरराव यांच्याकडे सोपवली. मनोहररावांनीही अखेरपर्यंत दादांना धाकट्या भावाच्या मायेने सांभाळून घेतले."

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत हा मजकूर छापून आला आहे. मनोहरराव म्हणजे मी. वाक्ये तीन आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. मंडळाचा सचिव माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्याने अंक स्वतः घरी आणून दिला, पान उघडून दाखवले, आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे कौतुकाने पाहत उभा राहिला. काय अपेक्षा होती त्याची? माझे डोळे भरून यावेत अशी?

जे आता लिहितो आहे ते मी कोणालाही सांगितलेले नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि त्या दोन बसगाड्यांत बसून हसणाऱ्यांपैकी तुम्ही नव्हता. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. एक हळवा म्हातारा पश्चात्ताप करायला बसला आहे, अशी समजूत करून घेऊ नका. मी भांडायला बसलो आहे. जे खोटे छापले गेले ते खोटे आहे, एवढे मला सिद्ध करायचे आहे — आणि ते सिद्ध करण्याचा मार्ग माझ्याच अंगावरून जातो, त्याला माझा इलाज नाही.

दादा म्हणजे दिगंबरदादा. आम्ही दोघेही इथल्या एका संरक्षण कारखान्यात नोकरीला होतो. ते नकाशे काढणाऱ्या विभागात आणि मी तपासणीत. ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. त्यांचे घर चेरीतालला, माझे गढ्यात. दर हिवाळ्यात मंडळाची एक दिवसाची सहल निघे आणि ती दादाच नेत. सकाळी ओमतीहून दोन बसगाड्या सुटत. आधी तेवरची त्रिपुरसुंदरी, मग भेडाघाट, तिथेच जेवण, आणि परतताना गढ्यातली जुनी मंदिरे, तळी आणि गोंड राजांच्या वेळचा चौक. गळ्यात दोरीला बांधलेली शिटी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि तोंडात सातशे-आठशे वर्षांचा इतिहास — असे दादा पुढे चालत. मी मागे. बस मोजायची, माणसे मोजायची, पाण्याचे कॅन उचलायचे. बारा वर्षे.

तुम्ही म्हणाल, बारा वर्षे मागे चालल्याचा हा राग असेल. नव्हे. मागे चालण्याचे मला कधीच वाईट वाटले नाही. तपासणीतला माणूस नेहमी शेवटीच उभा असतो.

राग कशाचा ते सांगतो. गढ्याचा चौक माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. चौकाच्या एका अंगाला दगडी ओटा आहे. दसऱ्याच्या दिवशी राजा त्या ओट्यावर बसून प्रजेचा मुजरा घेत असे, ही गोष्ट मी तिथे राहायला आलो तेव्हापासून ऐकत होतो. एका वर्षी दादांचा घसा बसला होता. चौकात ते मला म्हणाले, "इथलं तू सांग, मनोहर. तुझा मोहल्ला आहे." मी सांगितले. चांगले सांगितले. राजा, हत्ती, चवऱ्या, सगळे उभे केले. माणसे स्तब्ध होऊन ऐकत होती. आयुष्यात प्रथमच इतकी माणसे माझे ऐकत होती. आणि मग बसलेल्या घशाने दादा बोलले:

"काहून रे मनोहर, हा राजा तू कुठून आणला? पानठेल्यावरून? अरे, हा ओटा चुंगीचा आहे, जकात नाक्याचा! शंभर वर्षांचाही नसेल. इथे राजा नाही, चुंगीचा मुन्शी बसत होता."

जो हशा पिकला, तो मला आजही ऐकू येतो. आणि त्यात एक हसणे असे होते की ते मी हजारांत ओळखले असते. माझी पत्नी कुमुद पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी जाणतो. पण सांगा, मन वाईट नसलेल्या माणसाचे हसणे कमी लागते का?

त्या दिवसापासून मंडळात माझे नाव 'पानठेला' पडले. कोजागिरीला मी काही बोलायला उभा राहिलो की मागून कोणीतरी म्हणे, "चलो, पानठेला खुल गया!" दादांनी मला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही. त्यांना गरजच काय होती? आणि दादांचे म्हणणे बरोबर होते. ओटा चुंगीचाच आहे. हे मी पुढच्याच महिन्यात तपासून घेतले होते. ते चुकले असते तर कदाचित मी त्यांना सोडूनही दिले असते.

मी दोन वर्षे वाट पाहिली. घाईने केलेली तपासणी आणि घाईने घेतलेला सूड, दोन्ही वाया जातात.

आता चौसष्ट योगिनींविषयी सांगणे भाग आहे. भेडाघाटला टेकडीवर गोल भिंतीचे उघडे देऊळ आहे. भिंतीला आतून ओळीने कोनाडे, आणि प्रत्येक कोनाड्यात एक योगिनी. नाव चौसष्टांचे, पण कोनाडे एक्याऐंशी. बहुतेक मूर्तींची तोडफोड झालेली आहे, पण पुष्कळींच्या पीठावर जुन्या नागरीत त्यांचे नाव कोरलेले आहे. दादांनी कित्येक रविवार तिथे घालवले होते. पीठावर कागद धरून, वरून कोळसा घासून, एकेक अक्षर उठवून, सगळ्या नावांचा तक्ता त्यांनी स्वतः तयार केला होता. आणि पाठ केला होता. सहलीतली त्यांची रीत अशी होती: पहाटे मी स्कूटरने पुढे जायचे आणि प्रत्येक कोनाड्यासमोर क्रमांकाची एक चिठ्ठी दगडाखाली दाबून ठेवायची. बसगाड्या आल्या की माणसे एकेका चिठ्ठीपाशी उभी राहत. दादा मात्र आतल्या गौरीशंकराच्या देवळाच्या पायरीवर, गाभाऱ्याकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहत आणि क्रमांक व नाव पुकारत. ज्याचा क्रमांक येई त्याने हात वर करून "आहे!" म्हणायचे. मुले, सासवा, सुना, सगळे त्या खेळात रंगून जात. एक्याऐंशी नावे, हातात कागद नाही.

सत्ताविसाव्या कोनाड्यातली मूर्ती नाहीशी झालेली होती. नुसते पीठ उरले होते. दादा तोही कोनाडा मोजत. "देवी गेली म्हणून तिची जागा जात नाही," हे त्यांचे वाक्य ठरलेले. सत्तावीस आले की ते नाव घेत, हात जोडत आणि क्षणभर थांबत. सगळेच माना खाली घालत.

त्या वर्षी नागपूरहून एका निवृत्त प्राध्यापकांना सहलीला बोलवावे, ही सूचना माझी होती. प्राध्यापकांना जुनी नागरी वाचता येत होती. दादा किती खूश झाले! म्हणाले, "मनोहर, आपल्याकडे अक्षर जाणणारा माणूस पहिल्यांदाच येऊन राहिला."

आणि त्या पहाटे — इथे माझी लेखणी तीनदा थांबली, आणि तीनदा मी तिला पुढे रेटली — त्या पहाटे मी सव्वीस चिठ्ठ्या बरोबर ठेवल्या. सत्तावीस क्रमांकाची चिठ्ठी रिकाम्या कोनाड्याला न ठेवता पुढच्या कोनाड्याला ठेवली. तिथून प्रत्येक चिठ्ठी एकेक घर पुढे सरकली. शेवटी एक्याऐंशी क्रमांकाची चिठ्ठी उरली, ती मी खिशात घातली. एवढेच. पाच मिनिटांचेही काम नव्हते. सत्तावीसच्या चिठ्ठीपाशी मी स्वतः उभा राहिलो, म्हणजे दुसऱ्या कोणाला शंका यायला नको. प्राध्यापकांना हाताला धरून चौतिसाव्या चिठ्ठीपाशी नेले, कारण तिथली अक्षरे ठसठशीत होती.

दादा पुकारू लागले. सत्तावीस आले, सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढे अठ्ठावीस, एकोणतीस. हात वर होत होते, "आहे! आहे!" चौतीस आले. प्राध्यापक पीठावर वाकले, चष्मा वर केला, पुन्हा वाकले आणि म्हणाले, "क्षमा करा, पण इथे हे नाव नाही."

दादांनी डोळे उघडले. खाली येऊन पीठ पाहिले. ते नाव त्यांच्या क्रमात पस्तिसावे होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला लख्ख वाचता आले. त्यांनी क्षणात कारण ओळखले. स्मरणशक्ती क्षीण झालेला माणूस हे ओळखू शकतो का? ते वळले आणि मला विचारले, "मनोहर, रिकामा धरला होता ना?"

"हो दादा. धरला होता."

ते तरीही सत्ताविसाव्या कोनाड्याकडे निघाले. चार पावले टाकली. आणखी दहा पावले टाकली असती तर सगळे उघड झाले असते. तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बारा वर्षं चिठ्ठ्या ठेवून राहिलो, दादा. आज विश्वास नाही काय?"

ते थांबले. मला चारचौघांत खोटे पाडणे त्यांना जमले नाही. गढ्याच्या चौकात जे त्यांना सहज जमले होते, ते त्या दिवशी जमले नाही — कदाचित त्या चौकाचीच आठवण होऊन. हे मला तेव्हाही कळले. कळूनही मी माझ्या चिठ्ठीपाशीच उभा राहिलो.

ते परत पायरीवर गेले. पस्तीस पुकारले, प्राध्यापकांनी शेजारी वाकून पाहिले आणि मान हलवली. छत्तीस. पुन्हा तेच. मागून एक जण म्हणाला, "दादाजी, आज देवियाँ जागा बदल के बैठी हैं क्या?" हशा पिकला. चाळिसाला दादा थांबले. त्यांनी कपाळाला हात लावला, जसा आपण ताप पाहायला लावतो तसा. म्हणाले, "आज राहू द्या."

माणसे जेवायला खाली उतरली. मी मागे राहून चिठ्ठ्या गोळा केल्या, ते माझे नेहमीचेच काम होते. घाटावर जाऊन सगळ्या नर्मदेत सोडल्या. खिशातली सर्वांत शेवटी.

त्याच दिवशी दुपारी गढ्याच्या चौकात बसगाड्या थांबल्या, तेव्हा दादांनी गळ्यातली शिटी काढून माझ्या गळ्यात घातली. "मोठ्या मनाने सूत्रे सोपवली" म्हणतात ती हीच. आणि मी काय केले? मी त्या ओट्यापाशी उभा राहिलो आणि राजाची, हत्तींची, दसऱ्याच्या मुजऱ्याची तीच खोटी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. दादांकडे पाहत सांगितली. कोणी हसले नाही. दादा खाली मान घालून ऐकत राहिले. सांगून झाल्यावर मी त्यांना विचारलेही, "बरोबर ना, दादा?" ते म्हणाले, "असेल, बाबा."

मला आनंद झाला का, असे तुम्ही विचाराल. झाला. फार झाला. त्या संध्याकाळी मी दोन वेळा जेवलो. हे मी झाकणार नाही.

सूड तिथे संपायला हवा होता. एका हशाचा बदला एक हशा — हिशेब चोख. आठवडाभरात दादा भेडाघाटला जातील, रिकामा कोनाडा पाहतील, माझी लबाडी ओळखतील आणि माझ्या दारात येऊन शिव्या देतील, असे मी धरून चाललो होतो. उत्तरही तयार ठेवले होते. पण दादा गेलेच नाहीत. महिनाभराने मी विचारले, तर म्हणाले, "तिथे जाऊन पाहिलं आणि पाहूनही चुकलो, तर मग काय उरेल, मनोहर?"

माणूस आपल्या डोळ्यांवर, कानांवर अविश्वास दाखवू शकतो. पण जो डोक्यावरचाच विश्वास गमावतो त्याचे काय होते, ते मी पुढची अकरा वर्षे जवळून पाहिले. दादा बोलता बोलता थांबत आणि मुलीकडे, शैलाकडे पाहत — आपण बोललो ते बरोबर का, असे. कोणत्याही विषयावर अर्धा तास भांडणारा माणूस, पण भाजीवाल्याशीही वाद घालीनासा झाला. शैलाने त्यांना एकट्याने बाहेर जाऊ देणे बंद केले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाव-पत्ता लिहिलेला कागद ठेवू लागली. डॉक्टरांनी वयोमानाप्रमाणे ठीक आहे म्हणून सांगितले होते, पण घरात डॉक्टरांपेक्षा भीतीचे अधिक ऐकले जाते. आणि मंडळात कोणी दादांची चौकशी केली की मी हळूच सांगत असे, "विसरतात हो आताशा." स्मरणिकेतला मजकूर सचिवाने लिहिला असेल, पण तो रचला मीच. शोकसभेत मी हेच बोललो होतो, याहून चांगल्या शब्दांत.

'धाकट्या भावाच्या मायेने सांभाळून घेतले' हे वाक्य तेवढे राहिले. त्याचेही उत्तर देतो.

सहलीनंतर तिसऱ्या वर्षी शैलाचा निरोप आला: बाबा बोलावून राहिले. मी चेरीतालला गेलो. दुपारची वेळ होती. दादा ओसरीत खुर्चीवर बसले होते. समोर त्यांचा तो तक्ता, चार घड्या घातलेला. म्हणाले, "मनोहर, जिंदगीभर तू तपासणीच केलीस. आज मला तपास. मी म्हणतो, तू कागदावर पाहा. मुरव्वत करू नको."

मी तक्ता हातात घेतला. खिशातली पेन्सिल काढली. दादांनी डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत म्हणायला सुरुवात केली. मी प्रत्येक नावापुढे खूण करत गेलो. तीस वर्षांची सवय होती ती. समोर तुकडा आला की हात आपोआप खूण करतो, मनात काहीही असो. सत्ताविसाव्याला त्यांनी हात जोडले. सर्वतोमुखी, रणाजिरा, फणेन्द्री — नावे येत राहिली. शैला चहाचा कप घेऊन दारात उभी होती, पुढे येण्याचे तिला धैर्य होत नव्हते. शेवटचे नाव झाले. दादांनी डोळे उघडले नाहीत. विचारले, "किती चुकले?"

तेव्हा मी खरे बोलू शकत होतो. कोणी मला अडवले नव्हते. गढ्यातला हशा जुना झाला होता, शिटी माझ्या घरी खुंटीला होती, मला आणखी काहीही मिळवायचे नव्हते. मग मी का बोललो नाही? खरे बोललो असतो तर पुढचा प्रश्न भेडाघाटचा आला असता, म्हणून? की त्या मिटलेल्या डोळ्यांच्या माणसाकडे पाहून माझा सूड अजून भुकेला होता, म्हणून? मी दोन्ही कारणे तपासली आहेत. दोन्ही खरी आहेत.

मी म्हणालो, "पाच."

"कोणती?"

मी पाच नावे सांगितली. ज्या नावांवर त्यांचा आवाज सर्वांत ठाम होता, नेमकी तीच पाच.

ते भांडले नाहीत. "अच्छा," म्हणाले. आणि मग, "चलो." दारात शैलाने कप खाली ठेवला आणि ती आत गेली. निघताना दादांनी घडी न उघडताच तक्ता मला देऊन टाकला. "तूच ठेव. माझ्याजवळ राहिला तर मी यातही काही उलटसुलट करून ठेवीन." त्यानंतर ते आठ वर्षे जगले. ती नावे त्यांच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकली नाहीत.

शैला अजून चेरीतालच्याच घरात राहते. स्मरणिका तिच्याकडेही गेली असेल. हा कागद मी मंडळाकडेही देणार आहे, पहिली प्रत तिच्या हाती देऊन. मला काहून म्हणून कोणी विचारू नये. कारण वर लिहिले आहे. माझ्या वयाकडे पाहून मला कोणी काही सवलत देऊ नये. दादांच्या वयाकडे पाहून मी दिली नव्हती. आणि त्या हशाबद्दल मी दादांना आजही क्षमा केलेली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

सचिव म्हणेल, काका, तुमचेही वय झाले आहे, तुम्हाला तरी नीट आठवते कशावरून? मी आठवणीवर काहीच सोपवत नाही. दादांचा तक्ता या क्षणी माझ्यासमोर टेबलावर आहे. त्या दुपारी बरोबर आलेल्या प्रत्येक नावापुढे मी केलेली पेन्सिलची खूण त्यावर तशीच आहे. आज सकाळी मी त्या खुणा मोजल्या. एक्याऐंशी आहेत.